नारिंगी डबा उघडेना!

"या डब्यावरून जीप गेली तरी याला ओरखडा उठणार नाही!" दुकानातल्या बाई म्हणाल्या.

"जीप कशाला? आमच्या मामालाच उभं करा वर!" भोपू म्हणाला, आणि मामासकट सगळे खो खो हसले.

सुट्टी लागली होती आणि मामाने गुहेची सहल ठरवली होती. जीपने डोंगर चढायचा, खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं आणि तिथल्या पाण्याच्या गुहेत शिरायचं! त्या गुहेतून ओढा वाहत होता. काही ठिकाणी पाणी गुडघाभर, काही ठिकाणी छातीभर. म्हणून कोरडं राहायला हवं ते सगळं ठेवायला एक डबा हवा होता. पाणी आत शिरू न देणारा आणि जीपच्या आदळआपटीत न फुटणारा.

"ही रबरी पिशवी घेऊ," मुंगी म्हणाली. "हलकी आहे. तोंड गुंडाळलं की झालं."

मुंगी अंगाने बारीक होती आणि सतत कुणाचं ना कुणाचं ओझं उचलून चालायची, म्हणून ती मुंगी. भोपू तिचा धाकटा भाऊ. त्याचा आवाज गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जायचा.

"हरकत आहे!" वकील म्हणाली. ती मामाची मुलगी, मुंगीपेक्षा वर्षाने मोठी. उठता बसता वाद घालायची, म्हणून घरात तिला सगळे वकीलच म्हणत. "गुहेत कपारी असतात. दगडाला घासून पिशवी फाटली की संपलं!"

"मग ते गोल पिंप?"

"जीपमध्ये गडगडेल. वळणावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. आपल्याच नडग्या फुटतील."

"आणि तो पारदर्शक?"

"त्याची कडी बघ. नखाएवढी! एकदा पडला की गेली."

असे एकेक डबे बाद होत शेवटी नारिंगी डबा उरला. जाड, टणक, दोन भक्कम खटके असलेला. झाकणाच्या आत सगळीकडून काळ्या रबराचं कडं होतं. मामाने खटके लावले, काढले, पुन्हा लावले. खटक! खटक! त्याचा चेहरा असा खुलला की जणू बंगलाच विकत घेतोय.

"आणि हे काय आहे हो?" भोपूने मुठीखालच्या एका बारीक फिरकीवर बोट ठेवलं.

"ते ना, ते हवेचं..." बाई सांगू लागल्या.

"अहो बाई, भोकांचं मला नका सांगू!" मामा हसत म्हणाला. "भोकं बुजवण्यातच माझे केस पांढरे झालेत!"

ते खोटं नव्हतं. छप्पर गळतंय, टाकी पाझरतेय, भिंतीला ओल आलीय, की लोक मामाला बोलावत. कुठेही फट दिसली की मामाचे हात शिवशिवायचे. बाई काही बोलणार तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि डबा काखेत मारून मामा दुकानाबाहेर पडलासुद्धा!

घरी पोचल्यावर पोरांनी डब्याची परीक्षा घ्यायची ठरवली. न्हाणीघरातली मोठी बादली काठोकाठ भरली. डब्यात कोरडा वर्तमानपत्राचा कागद घातला, खटके लावले, डबा बुडवला. तो टुणकन वर येऊ लागला, तेव्हा वकिलीणबाई स्वतःच त्याच्यावर बसल्या.

"किती वेळ बसू?"

"तुझा वाद संपेपर्यंत!" भोपू म्हणाला.

डबा उघडला तर कागदाचा एक कोपरा ओला! फार नाही, पण ओला तो ओलाच.

"बाबा, तुमचा डबा गळतो!" वकिलीने घरभर दवंडी पिटली.

मामाचा चेहरा पडला. ज्याने गावाच्या टाक्यांच्या गळत्या बंद केल्या त्याचाच डबा गळतो म्हणजे काय! "बघतो मी," एवढंच तो म्हणाला आणि डबा घेऊन आपल्या सामानाच्या खोलीत गेला.

सकाळी मुंगीने डबा पाहिला आणि ती थबकली. मुठीखाली राखाडी रंगाचा एक डाग होता. तिने नखाने खरवडून पाहिलं. दगडासारखा कडक!

"वकील, हा काल नव्हता."

"नव्हताच! आणि काल इथे काहीतरी होतं, ते आज नाही. काय होतं बरं?"

"बाबा, हा डाग कसला?"

"कसला डाग? कंपनीचाच असेल. चला, उशीर होतोय! आणि हवं तर पुन्हा बुडवा बादलीत!"

पोरांनी पुन्हा बुडवला. कागद कोरडा ठणठणीत! आता कोरड्या कागदाशी वाद कोण घालणार? वकिलीनेसुद्धा हरकत मागे घेतली. पण मुंगीच्या मनातून तो डाग काही जाईना.

निघताना आईने मुंगीला बाजूला घेतलं. आईला कामावरून सुट्टी नव्हती, ती येणार नव्हती. भोपूला दमा होता. एरवी पोरगं हुंदडत असे, पण धूळ किंवा गारठा लागला की छाती भरून येई आणि मग औषधाचा पंप ओढल्याशिवाय श्वास मोकळा होत नसे.

"हे दोन पंप. एक डब्यात टाक, जादा म्हणून. आणि एक तुझ्या खिशात. काहीही झालं तरी तुझ्या खिशात. कळलं?"

"कळलं, आई."

"कबूल?"

"कबूल!"

जीप मामाच्या जुन्या मित्राची होती. पोरं त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. काका गाडी चालवता चालवता गाडीचंच कौतुक सांगे. चढ लागला, वळणं लागली, झाडं मागे पडली. खिंडीच्या माथ्यावर पोचले तेव्हा वारा असा झोंबत होता की कानशिलं लाल झाली. तिथे सगळे चहाला थांबले. मामाने डब्यातून बिस्किटांचा पुडा काढला. पुडा उशीसारखा टम्म फुगला होता!

"मामा, पुड्याला गालगुंड झालंय!" भोपू ओरडला आणि त्याने तो फाटकन फोडला. मग बाटलीतलं पाणी तळापर्यंत पिऊन टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली पाठपिशवीला अडकवली.

मामा डबा नीट लावू लागला. टॉर्चचे जादा सेल, काडेपेटी, सुरी, मलमपट्ट्या, कॅमेरा. मग त्याने मुंगीपुढे हात केला.

"दे तो पंप."

"नको मामा. आईने सांगितलंय, माझ्या खिशात."

"अगं, छातीभर पाण्यातून जायचंय! खिशात राहील का कोरडा? भिजला तर?"

"पण मी कबूल केलंय तिला..."

"तुझ्या आईने गुहा पाहिलीय कधी? भिजला तर काय करशील, सांग!"

मुंगीला सांगता येईना. भिजल्यावर पंपाचं काय होतं हे तिला कुठे ठाऊक होतं? मामा वाईट नव्हता, रागावलाही नव्हता. तो हसतच होता. हसणाऱ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं हे तिला अजून जमत नव्हतं. तिने खिशात हात घातला आणि पंप देऊन टाकला.

खटक! खटक! "आता सातासमुद्रांच्या तळाशी टाका!" मामा म्हणाला.

उतार लांबलचक होता. कानांना दडे बसले, सुटले, पुन्हा बसले. खाली खोऱ्यात ऊन रणरणत होतं. मुंगीचा हात मात्र पुन्हा पुन्हा रिकाम्या खिशात जात होता.

गुहेचं तोंड ठेंगणं होतं. आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम कापल्यासारखं संपत होतं. कपाळावरचे दिवे लागले. मामाने डबा दोरीने पाठीवर बांधला. पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कंबरेला लागलं. गार असं, की दात वाजायला लागले! एके ठिकाणी छत इतकं खाली आलं होतं, की एकेकाने नाक दाबून, डोकं पाण्याखाली घालून पलीकडे निघायचं होतं. पोरं किंचाळत, हसत पार झाली. ड्रायव्हरकाका सगळ्यांत मोठ्याने किंचाळला.

पलीकडे एक मोठं कोरडं दालन होतं. छत दिव्याच्या उजेडात दिसत नव्हतं. वर वटवाघळं लटकली होती आणि खाली त्यांच्या लेंड्यांची वाळलेली भुकटी पसरली होती. पाऊल पडलं की भसकन उडायची.

"हो ऽ ऽ ऽ!" भोपूने आरोळी ठोकली. गुहा म्हणाली, "ओ ऽ ऽ ऽ!"

"वकील वेडी ऽ ऽ!"

"एडी ऽ ऽ!"

"हरकत आहे!" वकील ओरडली. भोपू हसत सुटला, हसता हसता खोकला, आणि खोकतच राहिला.

मुंगीने चटकन मागे पाहिलं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

"भोपू, बस खाली. मामा, पंप!"

"देतो, देतो." मामाने डबा पाठीवरून उतरवला. खटके उघडले. झाकण वर ओढलं.

झाकण हललं नाही.

"अरेच्चा!" मामाने पुन्हा ओढलं. मग डबा दोन्ही गुडघ्यांत धरून ओढला. "काका, धर रे जरा खालून."

दोघे दोन बाजूंनी ओढू लागले. काका लाल झाला, मामा जांभळा झाला. डबा जसाच्या तसा!

"याला म्हणतात माल!" काका धापा टाकत म्हणाला. "बघ कसा चिकटलाय!"

कुणी हसलं नाही. भोपूच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला होता. तो भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. त्याचे खांदे वर जात, खाली येत. आणि तो काही बोलत नव्हता. जो झोपेतही बोलायचा तो भोपू गप्प होता!

मुंगी त्याच्याजवळ धावली.

"दगड आणा!" मामा म्हणाला. दगड आणले. मामाने कडांवर ठोकलं, खटक्यांवर ठोकलं. दगडाचे टवके उडाले. काका झाकणावर चढून नाचला. दुकानातल्या बाई खरंच बोलल्या होत्या. त्या डब्याला ओरखडा उठला नाही.

"याला उचलून बाहेर नेऊ," काका म्हणाला.

"कसं नेशील? ती बुडी आहे ना वाटेत! पाण्याखालून जायचं म्हणजे श्वास कोंडायचा. त्याला आहे तोच पुरत नाहीये!"

पुढे वाट नव्हती, मागे पाणी होतं आणि औषध हातभर अंतरावर होतं. हात लावता येत होता, वाजवता येत होतं. आतले पंप डबा हलवला की खडखडत होते. फक्त मिळत नव्हते.

"मी जीपमधून पहार आणतो," काका म्हणाला आणि पाण्यात शिरला. त्याचा दिवा दूर दूर गेला, छताखाली बुडाला आणि दिसेनासा झाला.

"केव्हा येईल तो?" वकिलीने विचारलं.

मामाने दुसरा दगड उचलला. तो पुन्हा ठोकू लागला. ठक! ठक! ठक!

मुंगी भोपूच्या पाठीवरून हात फिरवत होती. आणखी काय करणार? "हळू घे. नाकाने. हळू," असं म्हणत होती, पण तो हळू घेऊ शकत नव्हता हे तिला दिसत होतं. आईचा "कबूल?" तिच्या कानात घुमत होता. का दिला मी पंप? हात धरून ओढून थोडाच नेला होता कुणी? ती रडली नाही, कारण रडायला लागणारा वेळसुद्धा भोपूचा होता. तिला नुसतं वाटत होतं, की आपण फार लहान आहोत आणि ही गुहा फार मोठी आहे.

"पाठपिशवी काढ, मोकळं वाटेल," ती म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावरून पट्टे उतरवले. पिशवीला अडकवलेली बाटली तिच्या हाताला लागली. बाटली चेपली होती. दोन्ही अंगांनी आत गेली होती, गाल बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.

"याच्यावर बसलास का रे?"

भोपूने मान हलवली. नाही.

मुंगीने काही ठरवून नव्हे, नुसतंच झाकण फिरवलं. फस्स! बाटली तिच्या हातातच टुणकन फुगली आणि पहिल्यासारखी झाली.

मुंगी बाटलीकडे पाहत राहिली. मग डब्याकडे पाहिलं. दिव्याचा झोत तिने झाकणावर तिरका पाडला. एवढं टणक झाकण, पण मधोमध किंचित आत ओढलं गेलं होतं!

"वकील! इकडे ये! ही बाटली कुठे बंद केली होती?"

"वर, खिंडीत."

"आणि डबा?"

वकिलीचे डोळे चमकले. "खिंडीत! वरची हवा विरळ असते, शाळेत शिकलोय आपण! ती विरळ हवा आत कोंडलीय आणि खालची दाट हवा बाहेरून झाकण दाबतेय! डबा चिकटला नाहीये, मुंगे, डबा दाबला गेलाय! म्हणूनच पुडा फुगला होता! खालची हवा त्याच्यात होती!"

"बाबा, ठोकू नका! थांबा!" वकील ओरडली.

"बाजूला बसा तुम्ही दोघी! मध्ये मध्ये करू नका!" मामाच्या बोटांतून रक्त येत होतं. ठक! ठक!

"बाबा, एकच प्रश्न."

"आत्ता नाही!"

मग वकील पुढे झाली आणि सरळ डब्यावरच बसली, न्हाणीघरात बसली होती तशी. मामाचा दगड हवेतच थांबला.

"हो की नाही, एवढंच सांगा. या मुठीखाली काल एक फिरकी होती. हो की नाही?"

"अगं, पोरगं तिकडे..."

"हो की नाही?"

"हो!"

"ती तुम्ही बुजवलीत. हो की नाही?"

मामाने वर धरलेला दगड हळूच खाली आणला.

"दुकानातल्या बाई म्हणत होत्या, ते हवेचं. हवेचं भोक होतं ते, बाबा! ते सैल राहिलं होतं म्हणून कागद भिजला. नुसतं पिळायचं होतं बोटांनी. पाण्यात शिरताना बंद करायचं आणि डोंगर उतरला की उघडायचं. तुम्ही त्याच्यावर लेप मारलात!"

मामाच्या हातातला दगड खाली पडला. त्याने त्या राखाडी डागाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मुंगीने कधीच पाहिलं नव्हतं. तो घाबरला होता. मोठी माणसं घाबरतात हे पोरांना ठाऊक असतं, पण ती समोर घाबरली की पायाखालची जमीन सरकते.

"मग काढा तो लेप!" मुंगी म्हणाली.

"तो निघत नाही," मामा हळू आवाजात म्हणाला. "मी लोकांना हमी देतो ना. टाकी फुटेल पण लेप निघणार नाही. छिन्नीने तासन्‌तास लागतात गं."

भोपूची शिट्टी आता बारीक झाली होती. त्याचे ओठ दिव्याच्या उजेडात निळसर दिसले. की दिव्यामुळेच तसे वाटले? मुंगीने नीट पाहायचं टाळलं.

ती डब्याजवळ बसली. झाकण उचलायला एवढा जोर कुणाजवळच नव्हता. पण बाटली तरी कुठे जोराने उघडली होती? झाकण जरासं फिरलं आणि हवा आपणच आत धावली.

"मामा, झाकण उचलायचंच नाही! फक्त हवा आत जाऊ द्यायची! हे रबराचं कडं आहे ना, त्याच्या खालून काहीतरी पातळ सरकवायचं. सुरी आहे?"

"सुरी डब्यात!" वकिलीने कपाळावर हात मारला.

मामाने मात्र पँटच्या मागच्या खिशात हात घातला. लेप लावायची त्याची पाती तिथे होती. पोस्टकार्डासारखी पातळ, लवणारी. कामावर असो की लग्नात, ती त्याच्या खिशात असायचीच. तो गुडघ्यांवर बसला आणि पाती झाकणाच्या फटीला लावली. पण त्याचे हात लटपटत होते. पाती घसरली. पुन्हा लावली. पुन्हा घसरली.

"मला जमत नाहीये," मामा म्हणाला. "मुंगे, तू घे. तिरकी धर. रबर कापू नकोस, नुसतं उचल. मी दिवा धरतो."

मुंगीने पाती घेतली. गार बोटांना ती धड कळतही नव्हती. कोपऱ्यात जरा फट होती, तिथे तिने टोक घातलं. ढकललं. रबर आत दबलं आणि पाती बाहेर फेकली गेली. वकील डबा दाबून बसली होती. "पुन्हा," ती म्हणाली. मुंगीने पुन्हा घातली, आता आडवी, हलवत हलवत, गोणीत सुई घालतात तशी. रबर सरकलं. पाती बोटभर आत गेली. मुंगीने ती पिळली.

सुस्स्स्स्स!

कुणी तरी मोठा उसासा आत ओढावा तसा आवाज आला. आणि झाकण, जे दोन गड्यांना हललं नव्हतं ते झाकण, एका बोटाने वर आलं!

मुंगीने पंप खेचून काढला, हलवला, भोपूच्या तोंडाला लावला. "सोड श्वास. आता ओढ!" फुस्. "धरून ठेव. धर. आता सोड." पुन्हा एकदा. पुन्हा.

मग वाट पाहण्याशिवाय काही उरलं नाही. तीच सगळ्यांत कठीण गेली. तिघे त्याच्याभोवती बसले. कुणी भुकटीवर पाय हलवला नाही. शिट्टी ऐकू येत होती, येत होती, मग कमी होत गेली. खांदे वर जायचे थांबले.

"मामा," भोपू घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"काय रे राजा?"

"काका डब्यावर कसला नाचत होता!"

आणि मामा, एवढा मोठा मामा, तोंडावर दोन्ही हात घेऊन रडला.

काका पहार घेऊन आला तेव्हा डबा उघडा होता आणि भोपू बिस्किट खात होता. काकाने सगळी हकीकत ऐकली आणि पहार खाली टाकली. "शाबास गं पोरींनो! आम्ही दोन रेडे नुसते ओढत बसलो!"

श्वास पुरता मोकळा झाल्यावर, सावकाश, भोपूला मधे घेऊन सगळे परतले. बुडीच्या जागी मुंगी त्याचा हात धरून खाली गेली आणि पलीकडे वर आली.

मामाने जीप थेट खोऱ्यातल्या दवाखान्यापुढे थांबवायला लावली. लहानसा दवाखाना, पांढऱ्या भिंती, एक बाक. डॉक्टरीणबाईंनी भोपूची छाती पुढून मागून ऐकली आणि मान डोलावली. "ठीक आहे आता. आज गुहा बास! वेळेवर औषध मिळालं म्हणून निभावलं. कुणी दिलं?"

"हिने," मामा म्हणाला. "डबाही हिनेच उघडला. आणि माझ्याकडून खरं या वकिलीने काढून घेतलं." त्याने एक हात मुंगीच्या आणि एक वकिलीच्या डोक्यावर ठेवला. "मी वाट लावली होती. या दोघींनी ती सरळ केली."

"हुशार आहात गं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामाने तिथूनच आईला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडून काय आलं ते पोरांना ऐकू आलं नाही, पण मामा बराच वेळ "हो ताई. हो ताई" म्हणत उभा होता. मग त्याने फोन मुंगीकडे दिला.

"आई, मी कबूल केलं होतं आणि..." मुंगीने सुरुवात केली.

"मला सांगितलं मामाने," आई म्हणाली. "तू नाही म्हणालीस ना त्याला?"

"म्हणाले. पण मग दिला."

"पुढच्या वेळी देऊ नकोस. आणि आज जे केलंस ना, ते मला तरी सुचलं नसतं, बाळा."

कौतुक ऐकायला बरं वाटतं. मुंगीलाही वाटलं. पण एक प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. तिने तो विचारला.

"डॉक्टरीणबाई, पंप भिजला तर काय होतं?"

"पाणी लागलं तर? पुसायचा. झटकायचा. एकदा हवेत उडवून बघायचा. थोड्या पाण्याने काही मरत नाही तो."

काकाने बुटांकडे पाहिलं. मामाने भिंतीकडे.

"एवढंच?" वकील म्हणाली.

"एवढंच. का?"

मुंगीने पंप उचलला. आता तो कुठे जायचा याबद्दल कुणाला शंका नव्हती. मामाने स्वतःच मान हलवली, घे म्हणून. तिने खिशाचं बटण उघडलं.

"ए ताई!" भोपू टेबलावरून पाय हलवत म्हणाला. "दम कुणाला लागतो?"

"तुला."

"मग खिसा तुझा का?"

मुंगी थांबली. आईने तिला सांगितलं होतं, मामाने तिच्याकडून मागितला होता, तिने मामाला नको म्हटलं होतं. त्या सगळ्यात भोपूला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनेसुद्धा.

"हरवशील," ती म्हणाली.

"नाही हरवणार."

"उघडता येतं का तुला टोपण? अंधारात?"

भोपूने डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला. पंप देताना मुंगीची बोटं जरा रेंगाळली. भोपूने डोळे मिटूनच तो चाचपला, अंगठ्याने टोपण उडवलं, पुन्हा बसवलं आणि आपल्या चड्डीच्या खिशात कोंबला.

जीप निघाली. डबा मागे उघडाच पडला होता. मुंगी भोपूच्या त्या बाजूला बसली होती जिथे खिसा होता, आणि जीपने एकेक वळण घेतलं की खिशाचा फुगवटा जागेवर आहे ना ते हळूच बघत होती.